एकाच वऱ्हाडाचे दोन टॅग

आमचे त्रैमासिक अमरावतीहून निघते. कापूस, संत्री, वऱ्हाडी बोली, गावोगावच्या यात्रा हे त्याचे विषय. जुने अंक कपाटात पडून होते आणि मागणारे मात्र पुण्यापासून नागपूरपर्यंत होते. म्हणून सगळे अंक संकेतस्थळावर चढवायचे ठरवले. टायपिंग करणाऱ्या दोघीजणी आणि मी, असे आम्ही आठ महिने बसलो. अकराशेच्या वर लेख चढले.

स्थळ वर्डप्रेसवर उभे केले होते. त्यात लेख प्रसिद्ध केला की बाकीचे आपोआप होते. विभागाच्या पानावर त्याची नोंद पडते, टॅगच्या यादीत तो जाऊन बसतो, लेखाखाली ‘मागचा लेख’ आणि ‘पुढचा लेख’ अशा वाटा तयार होतात. शिवाय लेखातली उपशीर्षके उचलून वर अनुक्रमणिका मांडणारी सोयही आम्ही जोडली होती. पूर्वी वर्षाच्या शेवटच्या अंकात मी वार्षिक सूची हाताने करत असे, त्याला पंधरा दिवस जात. ते काम आता कायमचे संपले, अशी माझी खात्री झाली.

मग एका संध्याकाळी अकोल्याहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती एम. ए.च्या प्रबंधासाठी वाचत होती. “सर, वऱ्हाडावर तुमच्याकडे नऊच लेख आहेत का?”

“नऊ कसे? साठ तरी असतील.”

“मी एका लेखाखालच्या ‘वऱ्हाड’ टॅगवर क्लिक केलं. नऊच आले. म्हणून म्हटलं, विचारून घ्यावं.”

तिने विचारले म्हणून कळले. न विचारता निघून गेलेले किती असतील, हा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला.

सकाळी टॅगची पूर्ण यादी उघडली. तीत ‘वऱ्हाड’ दोनदा होते. एकात नऊ लेख, दुसऱ्यात चोपन्न. दोन्ही शब्द डोळ्यांना अगदी सारखे. टायपिंग करणाऱ्या ताईंना दाखवले, त्यांनाही फरक दिसेना. शेवटी एका जाणकार मित्राने उलगडा केला. युनिकोडमध्ये ‘ऱ्ह’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह असते. पडद्यावर आकृती एकच उमटते, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आमच्या एका ताईंचा कळफलक पहिल्या तऱ्हेचा होता, दुसरीचा दुसऱ्या. यंत्राने दोन शब्दांची दोन पाने इमानाने तयार केली होती. ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’, ‘कऱ्हाड’ या शब्दांचीही तीच गत निघाली.

तेव्हापासून मी प्रत्येक आपोआप होणारी गोष्ट तपासायला घेतली.

एका शेतकऱ्याच्या आठवणी आमच्याकडे बारा भागांत छापल्या होत्या. तिसऱ्या भागाखाली ‘पुढचा लेख’ दाबले की सातवा भाग उघडे. ही वाट प्रसिद्धीच्या तारखेवरून ठरते, आणि आम्ही भाग हाताला लागले तसे चढवले होते. मूळ अंकाची तारीख प्रत्येक भागाला दिल्यावर क्रम जागेवर आला. लेखांवरच्या अनुक्रमणिका बऱ्याच ठिकाणी रिकाम्या होत्या, कारण उपशीर्षके आम्ही नुसती ठळक केली होती. ती उपशीर्षके आहेत, असे यंत्राला सांगितलेच नव्हते. दीडशेहून अधिक लेख ‘अवर्गीकृत’ या विभागात पडून होते. विभाग निवडायचा राहिला की लेख आपसूक तिथे जातो. त्या विभागात कोण वाचक कशाला जाईल?

सर्वांत जास्त वाईट वाटले ते लेखकसूची पाहून. तीत ‘काळे’ हे ‘कावरे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी आले होते, आणि ‘ज्ञा’ने सुरू होणारी नावे ज मध्ये मिसळली होती. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, क्ष आणि ज्ञ त्याच्याही पुढे. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात मात्र ळ हा ल च्या शेजारी आहे, आणि क्ष व ज्ञ ही जोडाक्षरे म्हणून क आणि ज पासून सुरू होतात. तो तक्ता हिंदी, नेपाळी अशा अनेक भाषांना मिळून आहे. मराठीचा वर्णक्रम संगणकासाठी वेगळा तयार केलेला आहे, पण तो आठवणीने लावावा लागतो. आम्ही लावला नव्हता. शब्दकोश चाळून वाढलेला वाचक काळे कासारनंतर शोधणार, आणि नाव नाही असे समजून परत जाणार.

त्या दिवसांत मला शंकर गणेश दाते यांची वारंवार आठवण होई. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची त्यांनी संगणकाचे नाव नसलेल्या काळात सिद्ध केली. प्रत्येक पुस्तक कोणत्या नावाखाली, कोणत्या विषयाखाली नोंदायचे, हा निर्णय माणसाने घ्यायचा असतो. तो निर्णय मी यंत्रावर सोडला होता, आणि यंत्राला तो घेता येत नाही. दिलेल्या नावांची जुळणी ते क्षणात करते. नावे देणे आपल्याकडे राहते.

दुरुस्तीला तीन महिने लागले. आता आमच्याकडे विभागांची आणि टॅगची ठरलेली यादी आहे. नवा टॅग हवा असेल तर आधी त्या यादीत पाहायचे आणि तिथूनच उचलायचा, पुन्हा टाइप करायचा नाही. प्रत्येक लेख चढल्यावर आमच्यापैकी एकजण तो मोबाइलवर उघडतो आणि त्याच्या सगळ्या वाटा चालून पाहतो. बहुतेक वाचक शोधयंत्रातून थेट एखाद्या लेखावर उतरतात, मुखपृष्ठ त्यांनी पाहिलेलेही नसते. त्यांच्यासाठी तो एक लेख हाच आमच्या घराचा दरवाजा.

अकोल्याच्या त्या मुलीला मी स्वतः फोन करून कळवले. तिला आता त्रेसष्ट लेख मिळतात.

मराठीत लेख प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आजच आपल्या स्थळावरची टॅगची यादी उघडा आणि एकच शब्द दोनदा दिसतो का ते पाहा. दिसला, तर तुमचे निम्मे लेख वाचकापासून लपलेले असू शकतात.