पत्रिका आणि पेढे

आपल्याकडे ३६ पैकी १८ गुण जमले की पेढे वाटतात. डीएनएच्या घरी असली तडजोड नाही. एसमोर टी आणि जीसमोर सी, हीच सोयरीक!

या हट्टाचा शास्त्रज्ञांनी छान उपयोग केला. २००३ साली कॅलिफोर्नियात सोन्याच्या पट्टीवर डीएनएचा एकेरी धागा दुमडून बसवला, टोकाला लोहयुक्त रेणू. (सोनं तिथंही सुटलं नाही, हे ऐकून आमच्या सौ.ना विज्ञानाबद्दल आदर वाटू लागला.) मनासारखा जोडीदार भेटला की धागा ताठ होतो, टोक सोन्यापासून दुरावतं आणि वीजप्रवाह घटतो. लग्न जमल्यावर प्रवाह घटतो, हे कळायला यंत्र कशाला हवं म्हणा!

पण थट्टा पुरे. १७७३ साली 'ध'चा 'मा' झाला म्हणतात, आणि नारायणराव पेशवे गेले. सिकलसेलचं मूळही एकाच अक्षरात: एच्या जागी टी. गडचिरोली-नंदुरबारकडच्या कितीतरी पोरांच्या हाडांत ते अक्षर ठणकतं. ती चूक हेरणारं यंत्र साखर मोजायच्या डबीएवढं होऊन त्यांच्या उंबऱ्याशी पोचलं, तर पेढे माझ्याकडून. माझी साखर नंतर मोजू!