डिंडोलीची माणसं

सुरत म्हटलं की आपल्याकडं कुणाला साड्या आठवतात, कुणाला शिवाजी महाराजांची स्वारी. मला डिंडोली आठवते. उधना स्टेशनवरून रिक्षानं गेलं की लागणारी सुरतेच्या कडेची वस्ती. आयुष्याची आठ वर्षं मी तिथं काढली.

आमचे यजमान इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. सुरतेत पगार बरा म्हणून 1999 साली आम्ही मिरजेला रेल्वेत बसलो. इचलकरंजीत सुताचं काम, तिथं सगळं सिंथेटिक. मागाच्या शेडला तिथं 'खातं' म्हणतात. बारा तासांची पाळी, त्यामुळे आमच्या गल्लीतले अर्धे पुरुष कायम झोपलेले असायचे आणि बायका पोरांना 'हळू बोला' म्हणून दटावत असायच्या.

डिंडोलीत मराठी माणसं भरपूर, असं यजमानांनी सांगितल्यामुळे मी निर्धास्त होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या आजी दारात येऊन काहीतरी बोलल्या आणि मला एक अक्षर कळलं नाही. ती अहिराणी होती! तिथली बहुतेक मराठी माणसं खानदेशातली. या आजी अंमळनेरच्या. 'आहे'ला शे, 'इथं'ला आठे. माझं बोलणं त्यांनाही तेवढंच अवघड. माझं माहेर चिकोडीजवळ, शाळा कानडी, घरात मराठी. घाईत बोलताना दोन्हींची भेळ व्हायची. महिन्याभरात आजींनी एक कानडी वाक्य उचललं. रोज दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "ऊटा आत?" जेवण झालं का! पुढं सगळी गल्लीच मला तसं विचारायला लागली.

आजी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घ्यायच्या. माल देणारा भाई लुनावर गठ्ठे घेऊन यायचा आणि कुणाच्या किती साड्या झाल्या ते न लिहिता सांगायचा. आजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्या दाराच्या चौकटीवर खडूनं रेघा मारायच्या आणि दर शनिवारी दोघांचं भांडण व्हायचं. हिशेब बहुतेक वेळा बरोबरच निघायचा, भांडण मात्र चुकायचं नाही.

आजी गावी जायच्या त्या भुसावळच्या पॅसेंजरनं. वाटेत नवापूर लागतं. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. तिथं बाकावर बसून एक पाय इकडं, एक तिकडं ठेवते, असं आजी हसत सांगायच्या. आमच्याकडं असं स्टेशन असतं तर रोज मोर्चा निघाला असता, असं मी म्हटलं, ते त्यांना काही केल्या समजेना. सुरतेच्या महापालिकेच्या शाळा मराठीतही आहेत, उडियातही आणि तेलुगूतही. सीमाभागात वाढलेल्या मला याचंच नवल.

समोरच्या खोलीत एक तेलुगू विणकर एकटेच राहायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांना लिहावाचायला येत नव्हतं. एकदा त्यांच्या हातात गावाकडचं पत्र बघितलं आणि मला गंमत वाटली. अक्षरं जवळजवळ आपल्या कानडीसारखीच! अर्थ कळत नव्हता, पण अडखळत का होईना, वाचता येत होतं. त्या दिवसापासून अण्णांची पत्रं मी वाचायला लागले. मी उच्चार करायचा, त्यांनी अर्थ लावायचा. मध्येच ते हसायचे, की मी विचारायची, "काय लिहिलंय?" मग मोडक्या हिंदीत मला सांगायचे.

2002 च्या पावसाळ्यात असंच एक पत्र आलं. मी नेहमीसारखी एकेक शब्द सुटा करून, शाळेत धडा वाचावा तशी मोठ्यानं वाचत होते. 'अम्मा' एवढा शब्द कळला. चार ओळी झाल्यावर अण्णांनी कागदावर हात ठेवला. मी वर बघितलं तेव्हा मला कळलं, मी काय वाचलं ते. तेरावा दिवस होऊन गेला होता. त्यानंतरही ते पत्रं घेऊन यायचे, पण मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघायची आणि मगच वाचायला घ्यायची.

2003 साली यजमानांची दोन बोटं मागात सापडली. दीड महिना घरी, पगार बंद, पोरगा दोन वर्षांचा. श्रावण होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाई बसते आणि तिचे रोट करतात. आजींच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. हे मला ठाऊक होतं. म्हणून आजी झाकलेलं ताट घेऊन आल्या तेव्हा मी मागं सरले. त्यांची सूनही दारातून म्हणाली, "आई, असं चालत नाही." आजी म्हणाल्या, "दळतानाच ह्या दोघांच्या मुठी टाकल्यात. पीठ एक झालं. आता ते वेगळं कोण करणार?"

2007 ला आम्ही परत आलो. सुरुवातीला फोन व्हायचे, मग नंबर बदलले. आळस, दुसरं काय! दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, तेही तिकडं कळवायचं राहिलं.

गेल्या श्रावणात मात्र मी अजमेर एक्स्प्रेसनं गेले, मुद्दाम रोटांचा दिवस धरून. गल्लीत आता दोन-तीन मजली घरं झालीत. अण्णा गावी परतले म्हणे. आजी जाऊन आठ वर्षं झाली. सुनेनं मला ओळखलं, आणि आधी काय म्हणावं? "ऊटा आत?"

ताट वाढताना म्हणाली, "आईंनी सांगून ठेवलंय. तुमच्या घरच्या दोन मुठी दरवर्षी टाकतो. दादांची आणि बाळाची. यंदाही टाकल्या."

मग मला सांगावंच लागलं. ती थोडा वेळ खालीच बसून राहिली. माझ्या मोकळ्या गळ्याकडं तिचं आत्ता लक्ष गेलं असावं. मग उठली, आतून आणखी एक रोट आणला आणि माझ्याच ताटात ठेवला.