चावीची घडी

पुण्याच्या एका संग्राहकांना मी फोटो पाठवले आणि पाच मिनिटांत त्यांचा निकाल आला: “खिचडी आहे.” डायल एचएमटी जनताचं, पांढरं, वर देवनागरीत ‘जनता’. काटे मात्र पायलट या दुसऱ्या मॉडेलचे, पोटात रेडियम भरलेले. चावी तिसऱ्याच कुठल्या घड्याळाची, अंगापेक्षा मोठी. विकायला काढली तर कोणी हात लावणार नाही. ठेवायची असेल तर जनताचे मूळ काटे शोधून देतो, असंही त्यांनी भलेपणाने कळवलं.

त्यांचं चुकत नव्हतं. जुन्या मशीनवर हिरवी, केशरी डायलं रंगवून, कारखान्याने कधी काढलीच नाहीत अशी मॉडेलं मुंबईत तयार होतात आणि जुनी म्हणून परदेशापर्यंत जातात. त्यामुळे न जुळणारा भाग दिसला की जाणत्याच्या कपाळाला आठी पडणारच.

आजोबांनी ही घडी अकोल्यात घेतली, कापसाच्या चुकाऱ्यातून. (आमच्याकडे भिंतीवर असतं ते घड्याळ, मनगटावर असते ती घडी.) १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि चुकारा हप्त्याहप्त्याने येऊ लागला. घडी कोणत्या हप्त्यातली, याबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. त्या काळी जावयाची मागणी ठरलेली असे: सायकल, घडी, रेडिओ. आजोबांना सासरहून सायकलच मिळाली होती. घडीची हौस त्यांनी आपल्या पैशाने भागवली, आणि हे ते आजीला अधूनमधून ऐकवत.

एचएमटीची पहिली घड्याळं १९६१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. कारखाना बंगळुरूचा, तंत्र जपानच्या सिटिझनचं. पुढे ‘देश की धडकन’ ही जाहिरात घरोघरी पोचली, पण गावात खरी चर्चा ‘१७ ज्वेल्स’ या शब्दांची. आत सतरा हिरे आहेत, असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत. ती माणकं, तीही कारखान्यात बनवलेली. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांच्याखाली बसवलेली. आजोबांना कोणी तरी हे सांगितलं होतं. त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही.

मग सेलचं घड्याळ आलं. एचएमटीनेही १९८१ मध्ये क्वार्ट्झ काढलं होतं, पण मन चावीतच गुंतलेलं राहिलं. १९८४ मध्ये टायटन उभी राहिली आणि तिने सगळी भिस्त सेलवर ठेवली. त्यानंतर मोबाइल आले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनगटावर तेव्हा चावीची घडी होती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. माझ्या नव्हती.

आजोबा गेल्यावर घडी माझ्याकडे अमरावतीला आली, ती बंदच. पहिल्या दुकानात ‘मशीन बदलून सेलचं टाकून देतो, दोनशे रुपये’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दुकानातले काका जवाहर गेटच्या आत बसतात. अर्ध्या काउंटरवर मोबाइलची कव्हरं, उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा चिमटा, भिंग आणि मेलेल्या घड्यांचा पत्र्याचा डबा. त्यांनी झाकण उघडलं आणि आधी मशीनकडे पाहिलंच नाही. झाकणाची आतली बाजू उजेडात तिरपी धरली. तिथे सुईने कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या. घडी जो दुरुस्त करतो, तो आपली खूण आणि साल असं आत कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला दिसतं. एक खूण पुसट, एक ‘८८’, एक ‘९६’.

“आधीचे तिघंही चांगले होते,” काका म्हणाले. “स्क्रूचं एकही डोकं खराब नाही केलं.”

“पण काटे चुकीचे बसवले ना?”

“जनता न पायलट, मशीन एकच भाऊ. हिचे काटे तिले बरोब्बर बसते. पण चुकून नाही बसवत कोणी. कोणी तरी मांगून घेतले असतीन.”

बॅलन्सचा आस मोडला होता. नवा सुटा भाग आता येत नाही, म्हणून डब्यातल्या एका जनताचं मशीन उघडून त्यांनी तो काढला. सगळी चाकं पेट्रोलमध्ये धुतली, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल माणकामाणकाला लावलं. अर्ध्या तासाने चक्र हललं. सेकंदाला पाच ठोके. काकांनी घडी कानाला लावली आणि मग मला लावायला दिली.

काट्यांचं उत्तर आजीकडे निघालं. आमचं वावर अकोटच्या उत्तरेला, खारपाणपट्टा संपून गोडं पाणी लागतं त्या बाजूला. विहीर, मोटरपंप, थोडी संत्र्याची झाडं. पंपाची लाईन यायची रात्री. “रातच्याले ओलिताले जात न थे,” आजी म्हणाली. “अंधारात टाइम समजे नाही. बॅटरी लावली का पाखरं येत तोंडावर. मंग अमरावतीहून चमकणारे काटे बसवून आणले.”

पायलटचे काटे म्हणजे आजोबांची मागणी होती! पुण्याला मी कळवलं, मूळ काटे नकोत. त्यांनी सभ्यपणे लिहिलं, तुमची घडी, तुमची मर्जी. रेडियम केव्हाच विझून तपकिरी झालं होतं. संग्राहकांच्या शास्त्रात त्याला हात लावणं पाप. मी काकांना म्हटलं, “नवं भरा.” हल्लीचं ते रेडियम नसतंच, उजेड पिऊन अंधारात चमकणारी पावडर असते. काकांनी ती भरली, झाकणाच्या आत चौथी खूण कोरली आणि झाकण दाबून बसवलं.

दिवाळीत गावी गेलो. आजीच्या खोलीत घडी बल्बखाली धरली आणि बल्ब मालवला. आकडे दिसत नव्हते, दोन हिरव्या रेघा तेवढ्या. आजीने माझं मनगट पकडून लांब धरलं, जरा वळवलं.

“साडेआठ,” ती म्हणाली. “लाईन याले टाइम हाय अजून.”