दांडिया बाजारातला संबळ

सुरसागर तळ्याच्या काठी उभे राहिले की संगीत महाविद्यालयाची जुनी वास्तू दृष्टीस पडते. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपविलेली गायनशाळा ती हीच. पुढे ती विद्यापीठात सामावली गेली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये याच नगरीत भरली, आणि दरबारचे गवई फैयाज खाँ १९५० मध्ये येथेच निवर्तले. परगावचा पाहुणा आला की आम्ही बडोदेकर मराठी मंडळी त्याला तळ्याला एक फेरी घालावयास लावतो आणि ही सारी यादी ऐकवितो. या यादीत खेड्यातले एकही गाणे नाही, हे मात्र २०१९ सालापर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते.

तसे ते नसावे यात नवल नाही. गायकवाडांच्या मागोमाग येथे जे आले ते सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, पुढे शिक्षक. त्यांच्यासोबत कीर्तन आले, नाट्यपदे आली, रागदारीला तर राजाश्रयच मिळाला. जात्यावरचे, शेतातले, जत्रेतले गाणे या मंडळींच्या सामानात नव्हते. ते आले असेल तर देशावरून लग्न होऊन येणाऱ्या मुलींच्या ओठांवर, आणि राहिले तेही माजघरापुरतेच. आमच्या काकू त्यांपैकी एक. १९५८ मध्ये वाईकडच्या एका लहानशा गावातून त्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आल्या. सासरी सकाळी तंबोरा लागे. त्यामुळे आपल्याला गाता येते असे त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही कधी विचारले नाही.

पूर्वी रात्री रेडिओचा काटा हलवीत मुंबई केंद्र शोधणे हा आमच्या घरचा नित्यक्रम असे. खरखरीतून एखादी लावणी वा पोवाडा निसटता ऐकू आला की काकू हातातले काम थांबवीत. दूरदर्शन आले ते अहमदाबादचे, अर्थात गुजराती. मुंबई दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली, तीच पुढची 'सह्याद्री'; १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आली आणि गल्लीतल्या केबलवाल्याने दोन्ही आमच्या घरी पोहोचविल्या. पण तोवर घरात मालिकांचे राज्य सुरू झाले होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नवा नियम लागू झाला. पहिल्या शंभर वाहिन्यांचे १३० रुपये व वर कर, आणि पुढे ज्याला जी वाहिनी हवी ती त्याने निवडून सांगावयाची. आम्ही काही सांगितले नाही, म्हणून एके सकाळी आमची मराठी दिसेनाशी झाली. काका जाऊन तेव्हा वर्ष झाले होते, आणि काकू दिवसेंदिवस बोलत नसत. सून म्हणाली, "निदान गाण्यांचे तरी काही लावून द्या त्यांना." आम्ही केबलवाल्याच्या कचेरीत गेलो. मराठी गाणी म्हणताच त्या तरुणाने संगणकावर बराच शोध केला व म्हणाला, "ए पेकेजमां नथी आवतुं, काका. अलग लेवुं पडे." अलग तर अलग! केवळ मराठी गाण्यांना वाहिलेली 'नाइन-एक्स झकास' २०११ पासून होती. ती आणि आणखी दोन आम्ही लिहवून घेतल्या.

अमेरिकेत स्थायिक झालेला आमचा भाचा सांगतो की तेथे गावरान गाण्यांसाठी स्वतंत्र वाहिन्या १९८३ मध्येच निघाल्या. शेत सोडून कारखान्यांच्या गावी गेलेल्या लोकांना ती गाणी पुन्हा ऐकावीशी वाटत. आमच्या वाहिनीवर मात्र गाव दिसले ते चित्रपटातले. नऊवारी झगमगीत, शेत हिरवेगार, आणि नाचणाऱ्या मुलीच्या पायाला चिखलाचा थेंब नाही. काकूंनी दोन दुपारी ते सभ्यपणे पाहिले. तिसऱ्या दुपारी त्यांनी भिंतीकडे तोंड केले. गाणी वाईट नव्हती. आमची नातवंडे ती आनंदाने पाहत. पण ज्यांच्यासाठी पैसे भरले त्यांचे मन काही तिथे रमेना.

पुढच्या आठवड्यात नात रिमोट दाबीत वाहिन्यांच्या पार शेवटाला गेली. तेथे सरकारी वाहिन्यांच्या गर्दीत 'सह्याद्री' होती. एक छदामही न देता ती सारा काळ आमच्या डब्यात होतीच, केवळ तिचा क्रमांक बदलला होता! पडद्यावर गोंधळ चालला होता. दिवटी पेटलेली, तुणतुणे, झांज, आणि ज्याची एक काठी वाकडी असते तो संबळ. गोंधळी देवदेवतांना आवतण देत होता. तुळजापूरची भवानी झाली, कोल्हापूरची अंबाबाई झाली, माहूरची रेणुका झाली. गाणे पुढे सरकले तशा काकू भिंतीकडून वळल्या आणि जवळजवळ रागाने म्हणाल्या, "आणि मांढरदेवीची काळूबाई? ती राहिली की!"

मांढरदेवी वाईजवळ डोंगरावर आहे. काळूबाईचे नाव घेतल्यावाचून त्यांच्या गावी गोंधळ पुरा होत नसे. ते कसे घेत हे दाखविण्यासाठी काकूंनी मांडीवर ताल धरला आणि आवाज लावला. साठ वर्षांत तो आवाज आम्ही ऐकला नव्हता. सुरेल होता असे म्हणवत नाही, खणखणीत होता. जिन्यावरून जाणाऱ्या शेजारच्या बेन दारात थबकल्या व म्हणाल्या, "आ तो अमारी माताजीना गरबा जेवुं ज छे." काकूंना ते मुळीच पटले नाही. गरबा देवीभोवती फिरतो, गोंधळात देवीलाच घरी बोलावतात, असे त्यांनी बेनना स्वच्छ गुजरातीत समजाविले. नातीने "काकूआजी, फरीथी गा ना," म्हणत फोनवर ते टिपून घेतले. पहिली ओळ मात्र निसटली. ती पुन्हा म्हणण्यास काकूंनी नकार दिला. देवीला एकदाच बोलवायचे असते म्हणे.

त्यानंतर दुपारी जेवण आवरले की काकू स्वतः रिमोट मागून घेऊ लागल्या. रोज गोंधळ नसतो. कधी भारूड लागते, कधी शेतीची माहिती, कधी कुणा मंत्र्याचे भाषण. काकू तेही पाहतात, कारण मध्येच काय येईल याचा भरवसा नाही. काय वगळले गेले, कोणता ताल चुकला, हे त्या आम्हांला संध्याकाळी सांगतात, आणि त्या निमित्ताने वाईकडची माणसे, विहिरी, भांडणे, सारे निघते. त्यांना एक धाकटी बहीण होती व ती आठव्या वर्षी देवीच्या तापाने गेली, हे आम्हांला या घरात इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

महिनाअखेर केबलवाला पैसे घ्यावयास आला. गाण्याच्या त्या तीन वाहिन्या काढून टाकू का, असे त्याने विचारले. आम्ही होकार देणार इतक्यात आतून काकूंचा आवाज आला, "राखजो, भाई. छोकरांओ जुए छे."

त्याने पावती फाडली आणि जाता जाता, आत कोण बोलले, असे हलकेच विचारले. तीन वर्षे तो या घरी येत होता.