मुक्कामाचं स्वातंत्र्य

फुटबॉलपटूची कारकीर्द सांगायची एक ठरलेली रीत आहे. आधी गावातला क्लब, मग देशातला नावाजलेला क्लब, मग परदेश आणि तिथून दर दोन-तीन वर्षांनी आधीपेक्षा श्रीमंत क्लब. प्रत्येक वेळी किती पैसे मोजले गेले यावर खेळाडूचं मोठेपण ठरतं. जो एखाद्या पायरीवर जास्त रेंगाळला, त्याच्या गुणांचं चीज झालं नाही असं म्हणून लोक हळहळतात. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनबद्दलही असं हळहळणारे पुष्कळ होते, आजही आहेत. पंचविशी ते बत्तिशी ही ऐन उमेदीची वर्षं त्याने स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात काढली. त्यानंतर बार्सिलोनात दोन वर्षं, मँचेस्टर युनायटेडमध्ये जेमतेम दहा आठवडे आणि बाकीचा काळ आपल्या गावच्या हेल्सिंगबोर्गमध्ये. वर सांगितलेल्या रीतीने पाहिलं तर हा आलेख वेडावाकडा आहे. मला मात्र त्यात एक सरळ रेषा दिसते. खेळाडूला जाण्याचं स्वातंत्र्य असतं तसंच राहण्याचंही असतं. लार्सनने ही दोन्ही स्वातंत्र्यं वापरली आणि दोन्ही वेळा ठरलेल्या शब्दाला धरून वापरली. त्याचं मोठेपण गोलांइतकंच यातही आहे, असं माझं म्हणणं आहे.

स्वीडिश खेळाडूंना हे स्वातंत्र्य सहजासहजी मिळालेलं नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनने सुवर्णपदक जिंकलं आणि त्या संघातले गुन्नार ग्रेन, गुन्नार नोर्दाल आणि निल्स लीडहोल्म हे तिघे पुढे एसी मिलानला गेले. इटलीत त्यांचा जयजयकार झाला, पण मायदेशाच्या संघाची दारं त्यांना बंद झाली, कारण स्वीडिश महासंघाला पैसे घेऊन खेळणारे खेळाडू राष्ट्रीय संघात नको होते. परदेशी जायचं तर देशाचा गणवेश उतरवून ठेवायचा, असा तो सौदा होता. हा निर्बंध उठला तेव्हा ग्रेन आणि लीडहोल्म संघात परतले आणि 1958 साली स्वीडनने घरच्या मैदानांवर विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. दुसरा अडसर क्लबांच्या बाजूचा होता. करार संपला तरी क्लब खेळाडूवरचा हक्क सोडत नसे, नव्या क्लबाकडून पैसे मिळेपर्यंत त्याला अडवून ठेवता येई. जाँ-मार्क बोसमन या बेल्जियन खेळाडूने याविरुद्ध दाद मागितली आणि डिसेंबर 1995 मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा झाला. स्वीडन त्याच वर्षीच्या जानेवारीत युरोपीय संघात आलेला होता. म्हणजे लार्सनच्या पिढीच्या हाती जे आलं ते आधीच्या कुठल्याच पिढीकडे नव्हतं. बहुतेकांनी त्याचा अर्थ एकच घेतला, की आता लवकर निघता येतं.

लार्सनचं घडणं पाहिलं तर या मोकळिकीची किंमत त्याला का कळली असावी, हे लक्षात येतं. हेल्सिंगबोर्ग हे बंदराचं गाव, समोर चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे डेन्मार्क. वडील केप व्हर्दे बेटांवरून आलेले खलाशी, आई कारखान्यात काम करणारी स्वीडिश बाई. होगाबोर्ग या छोट्या क्लबाकडून खालच्या श्रेणीत खेळताना तो पोटासाठी फळं भरण्याचं काम करत होता. ज्या वयात आजची मुलं कोट्यवधींच्या करारावर सह्या करतात, त्या वयात तो पूर्णवेळ खेळाडूही नव्हता. 1992 साली हेल्सिंगबोर्गकडून पहिल्याच हंगामात 31 सामन्यांत 34 गोल करून त्याने क्लबाला 24 वर्षांनी वरच्या श्रेणीत नेलं, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचं नाव कळलं. पुढच्या वर्षी तो हॉलंडच्या फेयेनूर्दकडे गेला. तिथे दोनदा डच कप जिंकला, पण कधी या जागी, कधी त्या जागी खेळायचं आणि सामना रंगात आला की बाहेर बोलावलं जायचं, असं चाललं होतं. त्याच्या करारात एक कलम होतं, ठरावीक रकमेचा देकार आला तर त्याला जाऊ द्यावं लागेल असं. 1997 मध्ये सेल्टिकने साडेसहा लाख पौंड देऊ केले तेव्हा फेयेनूर्दने आढेवेढे घेतले, प्रकरण कायदेशीर वादापर्यंत गेलं, पण लार्सन कलमावर ठाम राहिला आणि गेला. म्हणजे ‘निष्ठावंत’ हे बिरुद त्याला सरसकट लावता येत नाही. जे लिहून ठरलं आहे ते दोन्ही बाजूंनी पाळायचं, एवढाच त्याचा आग्रह होता. पुढच्या सगळ्या निर्णयांची किल्ली मला इथे सापडते.

सेल्टिकमधली सुरुवात काही शुभशकुनाची नव्हती. एडिंबरोत हिबर्नियनविरुद्धच्या पहिल्या लीग सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याचा चुकलेला पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला. त्यावरच सेल्टिकने सामना गमावला. पण त्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी, मे 1998 मध्ये, सेंट जॉन्स्टनविरुद्ध त्याने सामन्याच्या प्रारंभीच गोल केला, सेल्टिक विजेते ठरले आणि रेंजर्सचं सलग दहावं विजेतेपद हुकलं. ग्लासगोत याचा अर्थ काय होतो, हे त्या शहराच्या दोन क्लबांमधली चुरस माहीत असणाऱ्याला सांगायला नको. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1999 मध्ये, लिऑन इथल्या सामन्यात त्याचा पाय दोन जागी मोडला. त्यानंतरच्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून 53 गोल केले आणि सेल्टिकने मार्टिन ओ'नील यांच्या हाताखाली देशातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. आता इंग्लंडमधल्या क्लबांशी त्याचं नाव दर उन्हाळ्यात जोडलं जाऊ लागलं. तो राहिला. सात हंगामांत 315 सामने, 242 गोल, चार लीग विजेतेपदं. करार संपला त्या 2004 च्या मे महिन्यात स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात दोन गोल करून त्याने निरोप घेतला.

यावरचा पहिला आक्षेप उघड आहे. स्कॉटलंडची लीग दुबळी, दोन बलाढ्य क्लब आणि बाकीचे यथातथा. तिथे गोलांचा पाऊस पाडला यात विशेष काय? आक्षेपात तथ्य आहे आणि म्हणूनच युरोपच्या गोल्डन शू या पुरस्काराने त्याचा हिशेब आधीच धरलेला आहे. सर्वांत कठीण लीगमधल्या गोलाला दोन गुण, त्याखालच्या श्रेणीतल्या गोलाला दीड. 2000-01 मध्ये लार्सनचे लीगमधले 35 गोल दीडपटीने 52.5 झाले, तर इटलीत लाझिओकडून सर्वाधिक गोल करणाऱ्या हेर्नान क्रेस्पोचे 26 गोल दुपटीने 52. कसोटी अवघड करूनही पुरस्कार ग्लासगोलाच गेला. पण आकड्यांपेक्षा मला 2002-03 चा यूएफा कप जास्त बोलका वाटतो. सेल्टिकने ब्लॅकबर्न, सेल्टा व्हिगो, स्टुटगार्ट आणि लिव्हरपूल यांना बाहेर काढलं. उपांत्य फेरीत पोर्तुगालच्या बोआव्हिस्ताविरुद्ध त्यांच्याच मैदानावरचा एकमेव गोल लार्सनचा होता. सेव्हिलच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक मोरिन्यो यांच्या पोर्तोने दोनदा आघाडी घेतली आणि दोन्ही वेळा लार्सनने डोक्याने गोल करून बरोबरी साधली. सेल्टिक जादा वेळेत 3-2 ने हरले. पण पोर्तोने पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली, यावरून समोर कोण होतं ते कळावं. मागच्या 50 वर्षांतला देशाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्वीडिश महासंघाने लार्सनची निवड केली ती 2003 साली, त्याने बार्सिलोनाचा गणवेश अंगावर चढवण्याच्या आधी.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलटा आहे. राहण्यातच सार्थक होतं, तर तो बार्सिलोनाला गेला कशाला? आणि तिथे जे मिळालं ते पंचविशीत गेला असता तर कितीतरी जास्त मिळालं नसतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. करार संपला होता, दिलेला शब्द पुरा झाला होता, आणि बोसमनच्या निकालामुळे तो कुणालाही काही देणं न लागता मोकळा होता. राहण्याचं स्वातंत्र्य म्हणजे कायम अडकून पडणं नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 17 मे 2006 च्या रात्री पॅरिसमध्ये मिळतं. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आर्सेनलचा गोलरक्षक अठराव्या मिनिटालाच बाहेर काढला गेला होता, तरी दहा खेळाडूंनिशी आर्सेनल एका गोलाने पुढे होतं. पाऊस पडत होता. एकसष्टाव्या मिनिटाला लार्सन मैदानात आला. पंधराएक मिनिटांनी इनिएस्ताचा पास त्याच्याकडे आला तेव्हा त्याने चेंडू थांबवला नाही, वळवून पाहिला नाही. पायाचा नुसता स्पर्श करून त्याची दिशा बदलली आणि तो पलीकडून धावणाऱ्या एटोच्या वाटेत गेला. गोल. चार-पाच मिनिटांनी उजव्या बाजूला चेंडू पुन्हा लार्सनकडे होता. बगलेतून मुसंडी मारणाऱ्या बेलेटीच्या पुढ्यात त्याने तो अचूक ठेवला. दुसरा गोल, आणि बार्सिलोना विजेते. सामन्यानंतर आर्सेनलच्या थिएरी आन्रीनेच सांगितलं की चर्चा इतरांची होते, पण सामना फिरवला तो लार्सनने. ही समज एका दिवसात येत नाही. जो सात वर्षं एका संघाचा केंद्रबिंदू होता, ज्याने सहकाऱ्याची धाव शेकडो सामन्यांत वाचली, त्यालाच हे अर्ध्या तासात जमतं. ग्लासगोतली वर्षं वाया गेली नव्हती; पॅरिसमध्ये ती उपयोगी पडत होती.

या सामन्याआधीच, डिसेंबर 2005 मध्ये, त्याने हंगाम संपल्यावर गावी परतणार असल्याचं जाहीर केलं होतं. क्लबला तो हवा होता, चषक हाती होता, तरी निर्णय बदलला नाही. हेल्सिंगबोर्गमध्ये परतल्यावर त्याच वर्षी गावच्या क्लबाने स्वीडिश कप जिंकला. स्वीडनमध्ये हिवाळ्यात लीग बंद असते, त्या मोकळ्या महिन्यांत, जानेवारी 2007 मध्ये, तो मँचेस्टर युनायटेडकडून खेळायला गेला. पस्तिशीत, 13 सामने, तीन गोल. पण प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यावर आणि सहकाऱ्यांवर त्याची छाप अशी पडली की त्याने मुदत वाढवावी म्हणून त्याला गळ घालण्यात आली. हंगाम ऐन मोक्यावर होता, युनायटेड लीग जिंकण्याच्या वाटेवर होतं. लार्सनने घरच्यांना आणि हेल्सिंगबोर्गला दिलेला शब्द सांगितला आणि मार्चमध्ये परत गेला. जगातल्या सर्वांत झगमगत्या लीगमधून स्वीडनच्या थंडीत परतणाऱ्या या माणसाने काही गमावलं असेल, तर ते समजून उमजून सोडलेलं होतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हे सगळं स्वातंत्र्य त्यालाच परवडतं ज्याच्यामागे क्लब धावतात. सामान्य खेळाडूला क्लब विकतो तेव्हा त्याला विचारतंच कोण? हे खरं आहे. लार्सनच्या हातात जे बळ होतं ते गोलांनी मिळवलेलं होतं. पण ज्यांच्याकडे ते बळ असतं त्यांनी ते कशासाठी वापरलं, हा प्रश्न उरतोच. तासाभराच्या अंतरावरच्या माल्मोतून आलेल्या झ्लाटान इब्राहिमोविचने ते सतत नवं मैदान मारण्यासाठी वापरलं. हॉलंड, इटली, स्पेन, फ्रान्स, या चारही देशांत लीग जिंकली. तो मार्ग हलका नाही. नव्या शहरात, नव्या भाषेत पुन्हा पुन्हा स्वतःला सिद्ध करायला छाती लागते. चॅम्पियन्स लीग मात्र त्याला कधीच लाभली नाही आणि ‘छोट्या’ लीगमध्ये रमलेल्या लार्सनला ती लाभली. यावरून एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ ठरत नाही. एवढंच ठरतं की मोठ्या क्लबांची रांग लावली म्हणजे मोठी फळं मिळतातच असं नाही, आणि एका जागी राहिलं म्हणजे ती हुकतातच असंही नाही.

काळ बदलला, आता असं वागणं कुणाला जमणार नाही, असंही म्हटलं जातं. 2025 च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर इसाक या स्वीडिश खेळाडूवरून झालेला वाद या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये न्यूकॅसलला 70 वर्षांनी देशांतर्गत चषक मिळाला, त्या अंतिम सामन्यात इसाकचा गोल होता. काही महिन्यांतच तो क्लबाकडून खेळायला तयार नव्हता. आपल्याला दिलेलं आश्वासन मोडलं, असं तो जाहीरपणे म्हणाला. तो जाऊ शकेल असं आश्वासन कोणीही दिलं नव्हतं, असं क्लबाने सांगितलं. अखेर साडेबारा कोटी पौंडांना तो लिव्हरपूलला गेला. कोणाचं खरं, हे बाहेरून ठरवणं योग्य नाही. पण लार्सनच्या फेयेनूर्द प्रकरणाशेजारी हे ठेवलं की फरक कळतो. लार्सनलाही जायचंच होतं, त्याचाही क्लबशी वाद झाला. मात्र त्याची अट कराराच्या कागदावर होती, म्हणून जाताना त्याला कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायला अडचण नव्हती. खेळाडूंनी जाऊ नये, असं मी म्हणत नाही. जायचं असेल तर ते आधी ठरवून, लिहून घ्यावं. राहायचं असेल तर पूर्ण मन लावून राहावं. आणि दोन्हींपैकी जे ठरलं ते, मोह पडला तरी, पाळावं. बोसमनच्या निकालाने खेळाडूला बाजारातून सोडवलं नाही, बाजारात स्वतःच्या नावाने उभं राहण्याचा हक्क दिला. तो हक्क सगळ्यांत जास्त पैशांकडे आपोआप वळत असेल तर निर्णय खेळाडूचा राहत नाही, पैशाचाच होतो. लार्सनच्या कारकिर्दीतले सगळे मोठे निर्णय त्याचे स्वतःचे होते. म्हणून खेळाडूचं मोठेपण मोजताना त्याला किती क्लबांनी बोलावलं याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: त्याच्या कारकिर्दीतले किती निर्णय त्याने स्वतः घेतले आणि त्यातले किती निभावले? या हिशेबात फार थोडी नावं लार्सनच्या वर येतील.