एका रात्रीपुरती तार

आम्ही दोघे भाऊ स्विमिंग पूलमध्ये आयुष्यात एकदाही उतरलो नाही; पण दुबईतल्या बंगल्यांच्या पंपघरांत आमची चौदा वर्षे गेली. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी ‘पूल’ म्हणजे पऱ्ह्यावरचा साकव. त्यामुळे पोरे पुलाच्या कामावर आहेत, असे अब्बा शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले आणि आम्हीही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. अंगणातल्या पोहायच्या पाण्याला विजेचा मेंदू बसवतात आणि तो बिघडला की दोन माणसे रात्रभर तारा चाचपत बसतात, हे मे महिन्यात तळ गाठणाऱ्या विहिरीच्या काठावर बसून सांगायचे तरी कसे?

काम तसे समजायला अवघड नाही. पंप पाणी ओढतो, फिल्टरमधून काढतो आणि परत सोडतो. एक यंत्र पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार करते. दुबईच्या उन्हाळ्यात पाणी तापवावे लागत नाही, उलट थंड करावे लागते, त्यासाठी चिलर. पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हना २४ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या मोटारी. या सगळ्यांना हुकूम देणारी पेटी पंपघरात असते आणि त्या पेटीला हुकूम देणारी बटणांची पाटी घरात, दिवाणखान्याच्या भिंतीवर. दोघींमध्ये चार तारांची एक केबल. दोन तारा पाटीला वीज देतात, दोन तारांवरून बोलणे चालते. बिघाड म्हटला की मालक लोक आधी पेटीकडे बोट दाखवतात, कारण ती महाग असते. आमचा अनुभव असा, की दहातले आठ वेळा दोष तारेत असतो.

२००९च्या जुलैत अशाच एका घरी आम्हाला पाठवले. सरकारी नियमाने उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते; पण पंपघराला छप्पर होते, म्हणून आमच्या फोरमनच्या हिशेबी ते ‘उघडे’ नव्हते. तक्रार अशी, की भिंतीवरची पाटी रोज रात्री मुकी होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप बोलू लागते. आमच्या आधी आलेल्यांनी पेटीतले कार्ड बदलले होते. गुण आला नव्हता.

भाईने आधी वीज मोजली. व्हॉल्व्हची मोटार चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट पाहिले. नुसत्या, बिनओझ्याच्या तारेवर मोजून फसगत होते. ते ठीक निघाले. मग आम्ही भिंतीवरची पाटी काढून पंपघरात आणली आणि हातभर केबलने थेट पेटीला जोडली. रात्रभर ती बिनतक्रार चालली. म्हणजे पेटी चांगली, पाटीही चांगली. दोष मधल्या केबलमध्ये. पण केबल हिरवळीखालून गेलेली. एवढी हिरवळ खणायची कुठून?

उत्तर मीटरने दिले नाही, मलबारी माळ्याने दिले. मगरिबच्या सुमाराला तो कारंजी सोडी. आम्ही त्याला पाटी मुकी होण्याची वेळ सांगितली, तर तो म्हणाला, “माझे पाणी झाले की मग अर्ध्या तासाने ना?” त्यानेच कोपऱ्यातली, कारंज्याखालची जागा दाखवली, ते कारंजे बसवताना केबल तुटली होती म्हणे. वीतभर खणल्यावर सांधा निघाला. नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळलेली, आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली. रोज रात्री त्यात पाणी भरायचे, रोज दुपारी ते सुकायचे. दोन वर्षे लोक कार्डे बदलत होते.

इथे काम संपायचे. नवी अखंड केबल पाइपातून ओढायची, सांधा मुळी ठेवायचाच नाही, आणि पैसे घ्यायचे. पण केबल आत घेण्यासाठी पंपघरातल्या मुख्य पॅनेलचे खालचे झाकण उघडावे लागले.

आत ईएलसीबी होता. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या विजेत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात पुरवठा तोडणारा. पाण्याजवळच्या विजेला तोच राखणदार. पंपाच्या दोन्ही तारा त्याच्या खालून काढून वरच्या बाजूला जोडलेल्या होत्या. म्हणजे राखणदार जागेवर उभा, आणि पंपाची वीज त्याला वळसा घालून चाललेली. सांध्यावर पिवळी टेप होती, उलट्या बाजूने गुंडाळलेली.

भाई डावखुरा आहे.

घर आम्ही ओळखले नव्हते. २००६मध्ये, दुसऱ्या कंपनीत असताना, आम्ही तिथे रात्री मागच्या दाराने आलो होतो. तेव्हाचा अरबाब वेगळा, रंगही वेगळा. घरात पाहुणे भरलेले आणि पंपाच्या सीलमधून पाणी मोटारीत उतरून ईएलसीबी दर दहा मिनिटांनी पडत होता. फोरमन फोनवर म्हणाला, “आज डायरेक्ट करो, बुकरा नया मोटर आयेगा.” बुकरा म्हणजे उद्या. भाईने तार जोडली, आम्ही टॉर्च धरली. सकाळी आम्हाला दुसऱ्या साइटवर नेले. मोटार आली की नाही, हे आम्ही विचारले नाही.

मोटार आली नव्हती. मेगर लावला तर काटा एक मेगओमही दाखवेना. अर्थिंगचा स्क्रू गंजलेला, तार बोट लावले की हलत होती. मोटारीतून निसटणारी वीज जमिनीत नेणारी ती एवढीच वाट शिल्लक होती. पुलाच्या काठावर लहान मुलींच्या दोन जोड चपला आणि फुगवलेले बदक होते.

पंप बंद करून आम्ही दोघे तिथेच बसलो. सांगायचे की नाही? गुपचूप नीट करून टाकले असते तर कुणाला कळले नसते. नव्या कंपनीच्या व्हिसाला जेमतेम वर्ष झाले होते, गावी बहिणीच्या लग्नाचे कर्ज होते. आमचे मत गप्प राहण्याचे पडले, हे इथे लिहायला हवे. भाई म्हणाला, “टेप माझ्या हाताची आहे,” आणि उठला.

अरबाब पंपघरात आला. “ये किसने किया?”

“हमने,” भाई म्हणाला.

फोरमनचे नाव त्याने घेतले नाही. आम्ही मागून घ्यायला गेलो, तर त्याने हाताने थांबवले. अरबाब बराच वेळ त्या तारेकडे पाहत होता. मग त्याने एवढेच सांगितले की मुली दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी या पाण्यात असतात. आरडाओरडा त्याने केला नाही. केला असता तर बरे झाले असते.

नवी मोटार त्याच रात्री आणवली. अर्थिंगची तार नवी टाकली, शिडीचे लोखंड आणि पंपाची बैठक तिला बांधून घेतली, पंप पुन्हा ईएलसीबीखाली घेतला. त्याचे ‘टेस्ट’ बटण अरबाबने स्वतः दाबून पाहिले, तीनदा. त्या घरून आम्हाला पुन्हा बोलावणे आले नाही. कंपनीत तक्रारही आली नाही. महिनाभर आम्ही तिची वाट पाहत होतो.

आता आम्ही गावी असतो. विहिरीच्या पंपाला भाईने ईएलसीबी लावला आहे आणि मृगाच्या पहिल्या पावसात तो पडतोच. परवा शेजारचे मामू म्हणाले, “आजच्या रात्रीपुरता डायरेक्ट कर ना रे, सकाळी बघू.” भाईने उत्तर दिले नाही. पंप सोडून ओटीवर आणला आणि कंदिलाच्या उजेडात उघडून बसला. आम्ही कळशी घेऊन मामूंच्याच विहिरीवर गेलो.