जुन्या गाडीची वाढीव हमी

चाकांवरचे घर ही कल्पना नारायणगावच्या परिसराला परकी वाटू नये. दसऱ्याच्या सुमारास तमाशाचे फड बाहेर पडतात आणि मग कलावंतांचा संसार महिनोन्‌महिने गाड्यांबरोबरच फिरत राहतो. २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा वर्तमानपत्रांना त्याचे नवल वाटले. विठाबाई नारायणगावकरांच्या गावाला वाटण्याचे कारण नव्हते.

अशीच एक जुनी घर-गाडी घेण्याचे आम्ही नवरा-बायकोने ठरवले. जवळच येडगावात, धरणाच्या बाजूला, ती विक्रीला उभी होती. २०१८ सालची मिनीबस. आत दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, इन्व्हर्टर आणि मुख्य म्हणजे शौचालय. आईचे गुडघे गेले आहेत. लॉजचे जिने आणि ढाब्यांमागच्या मोऱ्या यांनी तिचा प्रवास संपवलाच होता. भविष्य निर्वाह निधीतून उचललेले पैसे होते. दुसऱ्यांदा उचलता येतील असे नव्हते.

किंमत ठरल्यावर विक्रेत्याने चार पानांचा कागद पुढे केला. वाढीव वॉरंटी, एका वर्षाची, ३८ हजार रुपये. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, त्यामुळे कागद दिसला की त्याची संहिता होते. पहिल्या पानावर ‘निश्चिंत’ हा शब्द तीनदा. तिसऱ्या पानावर बारीक टायपात ‘झीज’. झिजेमुळे झालेला बिघाड वगळला होता, आणि झीज म्हणजे काय ते कुठेच सांगितलेले नव्हते. इतक्या वर्षांच्या गाडीत झीज नाही असे काय असते? क्लच, ब्रेक, टायर, रबरी नळ्या तर नावानिशी बाहेर. ‘दुरुस्ती करण्यात येईल’ या वाक्याला कर्ताच नव्हता; तो शोधता शोधता शेवटच्या पानावर एक तिसरीच कंपनी सापडली. गाडी बनवणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

त्याहून मोठी गोम निराळी होती. हमी इंजिन आणि गिअरबॉक्सची, म्हणजे गाडीची होती, घराची नव्हती. पलंग, वायरिंग, टाकी, इन्व्हर्टर हे सारे नंतर बसवलेले, म्हणून वगळलेले. आणि त्या वायरिंगमुळे इंजिनाच्या विजेच्या भागात काही बिघडले, तर तेही नाही. आईच्या दृष्टीने शौचालयाचा पंप बंद पडणे आणि इंजिन बंद पडणे यांत फारसा फरक नाही.

कायद्यानेही ‘हमी’ या शब्दाला आपण समजतो तेवढे वजन दिलेले नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘शर्त’ आणि ‘हमी’ वेगळ्या आहेत. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. आपल्या बोलण्यात मात्र हमी म्हणजे शब्द, आणि शब्द माणूस देतो.

अर्थात वाढीव वॉरंटी सरसकट निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर यांचा खर्च जबर असतो. तशी गाडी असती आणि हमी खुद्द उत्पादकाची असती, तर आम्ही ती घेतली असती. ही त्याआधीची गाडी. इंजिनाचे काम निघालेच तर ते नारायणगावच्या गॅरेजात होईल. कागदाप्रमाणे मात्र लेखी परवानगी येईपर्यंत बोनेटही उघडायचे नव्हते. आईला रस्त्याकडेला बसवून परवानगीची वाट पाहणे आम्हाला जमणारे नव्हते.

कागद परत केला. आरसी पुस्तकात केलेल्या बदलांची नोंद आहे का, तेवढे पाहिले, होती. ३८ हजार वेगळ्या खात्यात ठेवले. त्यातून पहिल्याच आठवड्यात एक मेकॅनिक आणि एक वायरमन आणून गाडी दिवसभर तपासून घेतली. इंजिन चांगले निघाले. क्लच प्लेट बदलावी लागणार आहे, आणि टाकीचा पंप.